व्हॅनच्या पोटातली हवा

लाँड्रीवालीने सकाळपासून तिसऱ्यांदा व्हॅनचं बॉनेट उघडलं आणि तिसऱ्यांदा तिला राग आणि रडू एकदमच आलं.

व्हॅन वयाने तिच्याहून फार लहान नव्हती. आदल्या दिवशी लॉजच्या चादरी पोचवून परत येताना रेडिएटरचा पाइप फाटला आणि इंजिन गार ठेवणारं सगळं कूलंट रस्त्यावर सांडलं. गॅरेजवाला म्हणाला, "पुढच्या आठवड्यात बघू." पुढच्या आठवड्यापर्यंत लॉजची माणसं काय उघड्या गादीवर झोपणार होती? तिने बाह्या सरसावल्या. नवा पाइप बसवला, क्लिपा आवळल्या, कूलंट भरलं. इथवर सगळं सुरळीत झालं. पण आत हवा अडकली होती आणि ती काही केल्या निघेना. इंजिन जरा चाललं की तापमानाचा काटा लाल रेषेकडे धावायचा. मग बंद करा, गार होईपर्यंत हात चोळत बसा, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

नवरा बोटीवर नोकरीला. मदतीला एकटी थोरली नणंद. निवृत्त झाल्यावर भावाकडे राहायला आलेली, हाताने कामसू आणि तोंडाने त्याहून. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसून, लाँड्रीवाली सांगेल तसा अॅक्सिलरेटर दाबत होती.

"ताई, हिटर गरमवरच आहे ना? त्याच्या नळ्यांतून कूलंट फिरलं तरच हवा सुटते."

"आहे गं बाई! कितीदा विचारशील?"

"मग वारा गार कसा येतोय?"

"ते तुझ्या गाडीला विचार. मी हिच्या माहेरची नाही."

काटा पुन्हा चढला. लाँड्रीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्हीच बंद केला असणार! गरम होतं म्हणून सकाळपासून कुरकुर चाललीय तुमची. एक काम सांगितलं, तेही धड होत नाही!"

नणंदेने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, शांतपणे खाली उतरली आणि घरात निघून गेली. दारसुद्धा आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

'जाऊ दे, माझं काही अडत नाही,' असं म्हणत लाँड्रीवालीने इंजिन गार होऊ दिलं, पुन्हा चालू केलं आणि अॅक्सिलरेटरवर वीट ठेवली. व्हॅनने अशी डरकाळी फोडली, की समोरच्या घराच्या खिडक्या पटापट उघडल्या. तिने धावत जाऊन वीट काढली, किल्ली फिरवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

डोकं वर केलं, तेव्हा नजर हिटरच्या बटणावर गेली. बटण लाल टोकाला होतं. अगदी टोकाला. तिने ते इकडे-तिकडे फिरवून पाहिलं. लोण्यातून सुरी फिरावी तसं ते फिरत होतं, पलीकडे काही धरलेलंच नव्हतं. डॅशबोर्डखाली वाकून पाहिलं, तर बटणाची केबल खुंटीवरून निसटून लोंबत होती. म्हणजे हिटरचा नळ मुळात उघडलाच नव्हता. सगळी हवा तिथे ठाण मांडून बसलेली.

लाँड्रीत तारेच्या हँगरांना तोटा नव्हता. एक तोडून तिने केबल खुंटीला आवळून बांधली. त्याला फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो घराच्या पायऱ्या चढायला.

नणंद स्वयंपाकघरात चकचकीत भांडं पुन्हा घासत होती.

"ताई, बटण बरोबर होतं. केबल निसटली होती. मी उगीच…"

"उगीच काय?"

"उगीच बोलले."

"बोललीस ते बोललीस. आता माफी मागायला आलीस की अॅक्सिलरेटर दाबायला माणूस हवाय म्हणून?"

"दोन्ही," लाँड्रीवाली म्हणाली.

नणंदेने हात पुसले आणि ती पुन्हा जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली.

या वेळी हवा सोडायचा वरचा स्क्रू सैल करताच बुडबुडे असे फसफसले, की कूलंटची पातळी खाली खाली गेली. लाँड्रीवालीने आणखी भरलं, पाइप दाबला, आणखी भरलं. "गरम वारा आला!" आतून ओरडा आला. काटा मध्यावर येऊन थांबला. पंखा घरघरून सुरू झाला. आता नुसता स्क्रू आवळायचा होता.

तिने आवळला आणि कट् करून त्याचं प्लॅस्टिकचं डोकं हातात आलं.

लाँड्रीवाली तिथेच जमिनीवर बसली. पाना तिने कुंपणाकडे भिरकावला. तोही धड लागला नाही, गवतात पडला.

"गळतंय का?" नणंदेने वाकून विचारलं.

"थेंब थेंब."

"मग उद्या लॉजवर जाताना कूलंटचा डबा बरोबर घेऊ. तू चालव, मी काट्यावर नजर ठेवते. काटा हलला, की ओरडेन."

"ओरडायचं तुम्हाला सांगायला नको," असं लाँड्रीवालीच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं, गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि गवतात पाना शोधायला लागली.