नऊ सेंटिमीटर

"उजवा मायनस दोन, डावा मायनस सव्वादोन. बायकी फ्रेम. डावी दांडी सैल," नंबर मोजायच्या यंत्राच्या नळीवरून डोळा न काढता चष्मेवाले म्हणाले.

"सैल असं लिहू, की तुम्ही आवळताय?" बाईंनी विचारलं.

"आवळतोय ना! तुम्ही लिहा, अगदी मोकळ्या मनाने लिहा."

"मोकळ्या मनाने लिहायला ही काय कविता आहे? पुढचा नंबर सांगा."

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर गुरुवारी हे असं चाले. गावातल्या दुकानांमधून ठेवलेल्या खोक्यांत लोक आपले जुने चष्मे टाकून जात. हे दोघं ते धूत, पुसत, नंबर मोजून प्रत्येकाला चिठ्ठी लावत. वर्षातून दोनदा त्यांचं पार्सल समुद्रापलीकडच्या एका मुलखात जाई. तिथे दोन दिवस चाललं तरी चष्म्याचं दुकान लागत नसे. चष्मेवाल्यांनी तीस वर्षं दुकान चालवून चार वर्षांपूर्वी ते विकलं होतं, पण हात स्वस्थ बसत नव्हते. बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांचं तोंड स्वस्थ बसत नव्हतं. जोडी झकास जमली होती.

खोक्यात येणाऱ्या बहुतेक चष्म्यांना काहीही झालेलं नसे. एखाद्याच्या दांडीचं टोक चावून चावून बोथट झालेलं, एखाद्याच्या काचेवर भिंतीच्या रंगाचे बारीक ठिपके. बाकीचे कोरे करकरीत. मालकाला कंटाळा आला, एवढंच. एकदा एकाच नंबरचे, एकाच गृहस्थाचे पाच चष्मे एकदम निघाले, तेव्हा बाईंनी विचारलं होतं, "ह्यांना डोळे तरी किती आहेत हो?"

आज पार्सल बांधायचा दिवस होता. न्यायला माणूस पाच वाजता येणार होता. पुढचं पार्सल थेट सहा महिन्यांनी. तिकडे तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सकाळीच एक यादी पाठवली होती. मागच्या वेळी ज्यांच्या डोळ्यांना जुळेल असा चष्मा मिळाला नव्हता, अशांची. बाई ती वाचत होत्या आणि चष्मेवाले ट्रेमधून एकेक चष्मा काढून देत होते. चौदांपैकी तेरा जुळले.

"हा शेवटचा," बाई म्हणाल्या. "एक बाई आहे, वय चौतीस. उजवा मायनस अकरा, डावा मायनस साडेदहा. दोन्हीकडे तिरका नंबर पाऊण. उजवा कोन वीस, डावा एकशे साठ. बुबुळांमधलं अंतर साठ. काम, टोपल्या विणणे. आधी वापरलेला चष्मा..." बाई थांबल्या. "नाही."

चष्मेवाल्यांचा हात ट्रेवर तसाच राहिला.

"म्हणजे चौतीस वर्षं? मायनस अकरा घेऊन?" बाईंनी कागद खाली ठेवला. "अहो, तुमच्या घरी होता ना असा भारी नंबर? ऑपरेशनच्या आधी?"

"होता."

"मग?"

"नंबर तोच. पण तिचा कोन पंधरा. हिचा वीस. पाच अंशांचा फरक आहे."

"पाच अंशांनी काय बिघडतं?"

"बिघडतं," असं म्हणून चष्मेवाले पुन्हा यंत्राच्या नळीत बघू लागले. यंत्रात चष्मा नव्हता.

तिरक्या नंबराची काच ठरावीक कोनातच बसवावी लागते हे खरंच होतं. पण नंबर पाऊण असताना पाच अंश चुकले, तर पडणारा फरक पाव नंबराच्या निम्मा. तेवढा कुणाला जाणवतही नाही. आजच्या तेरांपैकी चार चष्मे चष्मेवाल्यांनी दहा-दहा अंशांचा फरक सोडून स्वतःच पास केले होते. त्या चारही चिठ्ठ्या बाईंनी लिहिल्या होत्या. "मी जेवून येतो," म्हणून चष्मेवाले उठले.

घर दहा मिनिटांवर होतं. ती दहा मिनिटं त्यांना कधी नव्हे ती लांब वाटली.

तो चष्मा त्यांच्या कपाटात मधल्या खणात, मफलरच्या घडीत होता. गेल्या वर्षी बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एकेका डोळ्याला पंधरा मिनिटं. आत नवी लेन्स बसली आणि सहाव्या वर्षापासून जडलेला नंबर फळ्यावरचं पुसावं तसा पुसला गेला. पट्टी काढल्यावर ती दवाखान्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीवरच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत सुटली, नर्सने शेवटी तिला हाताला धरून खाली बसवलं. चष्मेवालेही हसले होते. पण दुसऱ्याच आठवड्यात ती रस्त्यावरच्या गाडीवरून वाचायचे तयार चष्मे घेऊन आली. एक लाल, एक निळा, एक ठिपक्याठिपक्यांचा.

"गाडीवरचे?" ते उडालेच होते. "माझ्या घरात गाडीवरचा चष्मा?"

"अहो, अडीच नंबर आहे नुसता. त्याला काय कारागीर लागतो?"

हे मात्र त्यांना लागलं होतं. चाळीस वर्षांत तिचे एकोणीस चष्मे त्यांनी स्वतःच्या हाताने घासून, बसवून दिले होते. दुकानात माणसं होती, पण तिची काच दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. तेव्हा जुना चष्मा खोक्यात टाकल्याचं त्यांनी तिला सांगितलं, आणि टाकला नाही.

ती पहिल्यांदा दुकानात आली ती मामांच्या दंडाला धरून. वय बावीस. चष्मा पायाखाली येऊन चुरा झालेला. मामाच सगळं बोलत होते. चष्मेवाले, तेव्हा नुसते दुकानातले नवे कारागीर, तिला म्हणाले, "समोरच्या भिंतीवरची वरची ओळ वाचा."

"आधी भिंत कुठे आहे ते सांगा," ती म्हणाली.

तिचे डोळे मोठे होते आणि ते त्यांच्या कानाच्या जरा बाजूला बघत होते. संध्याकाळपर्यंत काचा तयार करून त्यांनी तिच्या नाकावर चष्मा ठेवला. डोळे एकदम लहान झाले, आणि प्रथमच थेट त्यांच्यावर टेकले. "अच्छा," ती म्हणाली, "तुम्ही असे आहात होय!" मामांना हसू आवरेना.

मायनस अकराच्या काचेमागे डोळा जवळजवळ आठव्या हिश्श्याने लहान दिसतो. लग्नानंतर तिचे खरे डोळे त्यांनी बघितले ते झोपण्याआधी, ती चष्मा काढून उशाशी ठेवी तेव्हा. बाकी सगळा दिवस, सगळी वर्षं, मुलीच्या लग्नात आणि सासूबाईंच्या आजारपणात, त्यांची बायको म्हणजे लहान डोळ्यांची, गोल फ्रेमची. आता घरात दिवसभर मोठ्या डोळ्यांची एक बाई वावरत होती. छान होती. पण सवय व्हायची होती.

बायको ओट्यापाशी भाजी चिरत होती. लाल चष्मा कपाळावर चढवलेला.

"लवकर आलात? बाईंशी भांडलात की काय?"

"नाही गं." ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "तुला ते तळं आठवतं? नावेत बसलो होतो, तू वाकलीस आणि चष्मा पाण्यात गेला?"

"न आठवायला काय झालं!"

"लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी गेलो होतो. परतायला दोन दिवस होते. दोन दिवस तू माझा दंड सोडला नाहीस." त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "मी पायऱ्या मोजून सांगायचो. जेवताना ताटात कुठे काय आहे ते सांगायचो. तू मुद्दाम चुकीच्या वाटीत हात घालायचीस आणि हसायचीस. एवढं मोकळं आपण पुन्हा कधी फिरलो नाही."

विळीचा आवाज थांबला.

"मी मुद्दाम नव्हते घालत हो," ती म्हणाली.

"अं?"

"मला दिसत नव्हतं. तुम्ही हसलात म्हणून मी हसले. नव्या नवऱ्यासमोर रडायचं कसं?" तिने विळी मिटली. "दुसऱ्या दिवशी तुम्ही तिकिटं आणायला गेलात, आठवतंय? मला बाकावर बसवून. 'पाच मिनिटांत आलो' म्हणालात. कुणीतरी शेजारी येऊन बसलं. बाई की पुरुष ते कळेना. काहीतरी विचारत होतं, मला का दुसऱ्याला, तेही कळेना. मी पर्स पोटाशी धरून बसले होते. मनात म्हणत होते, हे आले नाहीत तर मी कुणाला काय दाखवणार? तुम्हाला गर्दीत शोधायचं म्हटलं, तर कुणाचा चेहरा तरी कुठे दिसत होता!"

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? तुम्ही इतक्या कौतुकाने सांगायचात सगळ्यांना." ती पदराला हात पुसत समोर येऊन बसली. "घरी आल्या आल्या तुम्ही कपडेसुद्धा न बदलता दुकानात गेलात आणि संध्याकाळी नवा चष्मा. संपलं. सहाव्या वर्षापासून बासष्टाव्यापर्यंत, तो मामांबरोबरचा दिवस आणि हे दोन, एवढेच काय ते माझे बिनचष्म्याचे दिवस. नशीबच म्हणायचं. आज कुठून काढलंत हे?"

चष्मेवाल्यांनी टेबलावर हाताचा पंजा आडवा ठेवला. मायनस अकराचा डोळा बिनचष्म्याने किती लांबचं स्वच्छ बघतो, ते एक भागिले अकरा मीटर. नऊ सेंटिमीटर. पंजाच्या रुंदीहून थोडंसंच जास्त. हे गणित त्यांनी आयुष्यात हजार वेळा केलं होतं. त्या नऊ सेंटिमीटरच्या आत बसून कुणी टोपल्या विणतं, हे त्यांनी आजवर डोळ्यांसमोर आणलं नव्हतं. टोपली नाकाला लागत असणार. आणि बाकावर शेजारी कोण येऊन बसलंय ते चौतीस वर्षांत एकदाही कळलं नसणार.

त्यांनी यादीतल्या बाईबद्दल सांगितलं. पाच अंशांचंही सांगितलं.

"तुमच्या तोंडून पाच अंश!" बायको म्हणाली. "आपल्या जावयाला तुम्ही पंधरा अंशांनी चुकलेला चष्मा दिला होतात, 'होईल सवय' म्हणून."

"तो निराळा."

"हो, तो जावई." ती उठली, थेट त्यांच्या कपाटाकडे गेली आणि मधल्या खणातून मफलर काढून आणला. "बघताय काय? कपडे कोण ठेवतं ह्या घरात? वर्ष झालं, मी म्हटलं, राहू दे, ह्यांना हवाय तर."

घडी उलगडून तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि हात पुढे करून चाचपडली. "अगं बाई! काहीच दिसत नाही की ह्यातून. तुम्ही आहात का तिथे?"

"आहे," चष्मेवाले म्हणाले. समोर लहान डोळ्यांचा तो ओळखीचा चेहरा होता. ते बघत राहिले. तिला ते दिसत नव्हते, म्हणून निवांत बघता आलं.

"झालं का बघून?" ती म्हणाली.

"झालं."

तिने चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. "आणि जेवून जा. उपाशीपोटी हात थरथरतो तुमचा."

ते परतले तेव्हा चार वाजून गेले होते. बाईंनी पार्सलचं खोकं भरून ठेवलं होतं, पण चिकटपट्टी लावली नव्हती. चष्मेवाल्यांनी बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला, फ्रेमचा कडेचा स्क्रू सैल केला आणि अंगठ्याने काच थोडीशी फिरवली. यंत्रात बघितलं. आणखी किंचित फिरवली.

"वीस," ते म्हणाले. मग दुसरी. "एकशे साठ."

"फिरते होय काच?" बाई म्हणाल्या.

"गोल फ्रेम आहे. गोल फ्रेममध्ये फिरते."

"हे सकाळी आठवलं नव्हतं वाटतं?"

चष्मेवाल्यांनी स्क्रू घट्ट केला. "आठवलं होतं," ते म्हणाले.

बाईंनी चष्म्याची चिठ्ठी पुढे ओढली आणि आपल्या टपोऱ्या अक्षरात आकडे लिहायला घेतले.

आता एकच काम उरलं होतं. चष्मेवाल्यांनी चष्मा दांड्या उघडून टेबलावर उलटा ठेवला. तो एका बाजूला डुगडुगला. बायकोचा डावा कान उजव्यापेक्षा चार मिलिमीटर वर होता. तिला स्वतःला ते ठाऊक नव्हतं, आरशातही कधी दिसलं नव्हतं. एकोणीसच्या एकोणीस चष्म्यांची डावी दांडी त्यांनी तेवढी वाकवून दिली होती, न सांगता. पाठवायचा चष्मा सरळ लागतो. तिकडे ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे तो वाकवून घेतात.

त्यांनी गरम हवेचा पंखा सुरू केला. डावी दांडी वाऱ्यात धरली. प्लॅस्टिक मऊ झाल्याचं बोटांना कळलं, तशी दोन्ही अंगठ्यांनी सावकाश दाबत ती सरळ केली आणि निवेपर्यंत तशीच धरून ठेवली. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

मग चष्मा पुन्हा टेबलावर ठेवला आणि एका बोटाने टोकून बघितला. तो हलला नाही.