फोन रिकामा करताना

फिलगोनामावशींनी वाळत घातलेली ओमेना मासळी एका बाजूला सारली, हात कमरेला गुंडाळलेल्या लेसोला पुसले आणि अकेयोने पुढे केलेला कागद उलटसुलट करून पाहिला. सगळं वकिली इंग्रजी. त्यांनी तो परत तिच्या मांडीवर ठेवला.

“चहा घे आधी, पोरी. नैरोबीहून आलीस.”

अकेयोने कप नुसता हातात धरला. सोळा वर्षं या बाईने वस्तीतल्या मुलांच्या लसींच्या नोंदी वहीत ठेवल्या होत्या. मागच्या वर्षी वह्या गेल्या आणि अकेयोच्या कंपनीचं ॲप घालून फोन आला. फोनने ‘जागा भरली’ म्हटलं, तेव्हा मावशींनी वही भरल्यावर करायच्या तेच केलं. जुनी जमा, कोरी सुरू. ‘फोन रिकामा करा’ दाबलं आणि दोनशे बारा मुलांच्या नोंदी पुसल्या गेल्या. इथे नेटवर्क नाही, त्यामुळे दवाखान्यात एकही पोचली नव्हती. आता कुणाला कुठली सुई टोचून झाली, कुणालाच सांगता येईना.

“फोनने आधी विचारलं नाही का?” उत्तर ठाऊक असूनही अकेयोने विचारलं.

“विचारलं की! म्हणाला, ‘खात्री आहे का?’ वही जमा करताना दवाखान्यातला कारकूनही अस्संच विचारायचा, सगळं भरलंस ना नक्की? त्याला हो म्हणायची, तसं याला म्हटलं.”

फोनमधलं ते वाक्य अकेयोचंच होतं. आधी तिने सरळ लिहिलं होतं: या नोंदी दवाखान्यात पोचलेल्या नाहीत, आता पुसल्या तर परत मिळणार नाहीत. कंपनीतले तिचे वरिष्ठ मुटिंडासाहेब हसले होते. “एवढी कादंबरी कोण वाचतंय? छोटं कर.” बढतीचे दिवस होते. तिने छोटं केलं, वर “छान सुचवलंत, सर” असंही म्हणाली. त्या ‘छान’ची तिला आता शिसारी येत होती.

“काय लिहिलंय गं यात?”

“काही नाही, मावशी. चौकशीची औपचारिकता आहे.” हेही साहेबांनीच पढवलेलं.

“ते राहू दे. सही केली तर माझं काय जाईल, ते बोल.”

अकेयोने कप खाली ठेवला.

“चूक तुमची होती, असं लिहिलंय. सही केलीत तर तुमचं काम जाईल. परत मिळणार नाही.”

मावशी मान हलवत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“बघ, किती सोपं होतं. फोनमध्ये लिहिणाऱ्या शहाण्याला एवढंसं जमू नये?” मग त्यांनी विचारलं, “आणि नाही केली सही, तर?”

“तर त्या लिहिणाऱ्याची चौकशी होईल.”

“कोण आहे तो?”

अंगणात कोंबडी मासळीकडे आली. मावशींनी तिला हुसकलं आणि पुन्हा अकेयोकडे पाहिलं.

“ठाऊक नाही, मावशी,” अकेयो म्हणाली आणि टोपण काढून पेन त्यांच्यापुढे धरलं.