पेटीवरचा वन्स मोअर

प्रणालीनं पडद्याच्या भोकाला डोळा लावला. असं एक भोक प्रत्येक नाट्यगृहाच्या पडद्याला असतं आणि ते कुणी पाडलं हे कुणालाच ठाऊक नसतं. तिसरी रांग, उजवीकडून चौथी खुर्ची, आईची. रिकामी. शेजारची रईसाचाचीची, तीही रिकामी. प्रयोग साडेचारचा, आणि सव्वाचार होऊन गेले होते. अकोल्याहून दुपारी निघालेली बस एव्हाना अमरावतीत शिरायला हवी होती.

वाटेत बंद पडली असेल तर, असं तिच्या मनात आलं. तिनं चटकन पदराच्या टोकानं पडद्याला लागलेली तोंडावरची पावडर पुसून काढली.

तेवढ्यात आई आलीच. सुभद्राबाई, वय बाहत्तर, उंची जेमतेम पाच फूट. शेजारीण रईसाचाचीचं कोपर धरून ती मधल्या वाटेत उभी राहिली, पंगतीला माणसं किती झाली ते बघावं तसं तिनं सगळं सभागृह एकदा बघून घेतलं, आणि मग बसली.

डाव्या विंगेत नईम वायरी चिकटपट्टीनं जमिनीला चिकटवत होता. नाटकाचा ध्वनी त्याच्याकडे.

"नईम, आई आली."

"मग चांगलंच झालं ना, ताई."

"चांगलं कसलं? ती वन्स मोअर देते."

नईमचा हात थांबला.

देते म्हणजे शाळेपासून देते. पाचवीच्या गॅदरिंगमध्ये प्रणालीनं स्वागतगीत म्हटलं आणि सुभद्राबाईनं उभं राहून वन्स मोअर दिला. पाहुण्यांचे हार तोवर ताटातच राहिले. मग कॉलेजात 'लवंगी' निघाली. चार मुली, चंदेरी पँटी, एक कॅसेट आणि दोन-तीन वर्षं वऱ्हाडातल्या झाडून सगळ्या वरातींत वाजलेलं एक गाणं. त्यातला सगळ्यात वरचा आवाज प्रणालीचा. पॉपच्या कार्यक्रमात पोरं शिट्ट्या मारतात, शर्ट फिरवतात; वन्स मोअर कुणी देत नाही. सुभद्राबाईनं तिथंही दिला. यास्मीन, लवंगीतली दुसरी, हसता हसता स्टेजवरून पडायची राहिली.

लवंगी वाजली आणि विझली. एकीचं लग्न झालं, एक परदेशी गेली, यास्मीननं शिकवण्या काढल्या. प्रणाली मुंबईला जाऊन दहा वर्षं संगीत नाटकांत गायली. त्यानंतर चार वर्षं एका मालिकेत घर फोडणारी वहिनी झाली. त्या चार वर्षांत गाणं नव्हतं, पण नाव एवढं झालं की अकोल्याच्या जठारपेठेतली भाजीवाली तिच्या आईला वरची कोथिंबीर देईना. "तुमची पोरगी लई वंगाळ वागते सासूसंग," म्हणायची.

मालिका संपली आणि ती परत नाटकात आली, तेव्हा गळ्यात गाठ निघाली. सहा महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं. आवाज परत येईल, डॉक्टर म्हणाले. आला, बोलण्यापुरता आला. वरचा सा मात्र जो गेला तो गेलाच.

हे नईमशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. निर्माता-दिग्दर्शक कुंदनच्या या नाटकाचं सगळं संगीत रेकॉर्डवर होतं, फक्त गळा खरा. तालमींसाठी म्हणून प्रणालीनं ऑपरेशनच्या आधी स्टुडिओत गाणी म्हणून ठेवली होती, तो गळाही त्याच फाईलमध्ये वेगळा पडून होता. वरूडच्या प्रयोगाआधी ती विंगेत तोंड धुवत होती. बराच वेळ धुवत होती. नईमनं ते पाहिलं, काय ते ओळखलं, आणि गाणं आलं तेव्हा तिचा माईक खाली घेऊन तो जुना गळा वर केला. त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. अंजनगाव सुर्जीलाही तसंच झालं.

अडचण एकच होती. कुंदननं जाहिरातीतच छापलं होतं, 'वन्स मोअर पेटीवर!' रेकॉर्डच्या गाण्यावर नाकं मुरडणाऱ्यांसाठी ही त्याची युक्ती. वन्स मोअर आला की यंत्र बंद, विंगेत बसलेले पुंजाजी पेटी धरणार आणि नुसत्या पेटीवर गाणं. वरूडला वन्स मोअर आला नाही, अंजनगावलाही नाही. कुंदनचं तोंड उतरलं. प्रणाली दोन्हीकडे पोटभर जेवली.

पण कुंदनच्या नव्या मालिकेत गाणाऱ्या आईची भूमिका होती आणि तिच्यासाठी त्याची अट साधी होती. गळा स्वतःचा पाहिजे. अमरावती बघतो आणि ठरवतो, असं तो परवाच म्हणाला होता.

प्रणालीनं रईसाचाचीच्या फोनवर फोन लावला आणि आईला द्यायला सांगितला.

"आई, एक काम कर. आज वन्स मोअर देऊ नको."

"काहून?"

"नाटक लांबते मंग. तुमची परतीची गाडी चुकन."

"चुकली तं चुकली. रईसाच्या बहिणीचं घर हाय इथं."

"आई, लोकं हसतात."

"हसू दे. त्या वहिनीच्या टायमाले लोकं मले शिव्या देऊन राहिले होते, तवा काय मेली मी?"

तिसरी घंटा झाली. फोन ठेवताना प्रणालीला दिसलं की आपण मेकअपच्या टेबलावरच्या सगळ्या टाचण्या एका रेषेत लावून ठेवल्या आहेत.

पहिल्या अंकातलं गाणं सुरू झालं. प्रणाली तोंड उघडत होती, हात हलवत होती, मान नेमकी तिथंच वळवत होती जिथं सहा महिन्यांपूर्वीची प्रणाली वर जात होती. काय चढत होती ती बाई! लोकांच्या माना डोलायला लागल्या. शेवटची तान खाली उतरली तशा टाळ्या आल्या, वरूडपेक्षा दुप्पट. तिनं श्वास रोखून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. आईचे दोन्ही हात मांडीवर होते.

"वन्स मोअर!"

आवाज पुरुषाचा होता, बाल्कनीतून आला. मग मागून एक, डावीकडून दोन. बघता बघता सगळं सभागृहच मागायला लागलं. विंगेत पुंजाजींनी भाता मोकळा केला आणि सा धरला. प्रणाली एक पाऊल मागे सरली.

तेव्हा सुभद्राबाई उठून उभी राहिली. मागच्या लोकांना ती उठली हे कळलंही नसेल, पण आवाज सगळ्यांना कळला.

"बस झालं, बाप्पा! फुडं चालू द्या नाटक. आमाले अकोल्याची गाडी पकडाची हाय!"

आधी हशा पिकला, मग टाळ्या. कुणीतरी म्हणालं, "आजीबाईले जाऊ द्या!" परत हशा. त्या हशात मागणी विरून गेली, आणि नायकानं शहाणपणानं पुढचं वाक्य घेतलं. पुंजाजींनी भाता मिटला.

मध्यंतरात आई आत आली. खुर्ची दिली तरी बसली नाही. भिंतीवरच्या आरशाकडे पाठ करून उभी राहिली.

"गाडी चुकन म्हणून बोलली का तू?" प्रणालीनं विचारलं.

"गाडी गेली खड्ड्यात."

"मंग?"

सुभद्राबाईनं दाराकडे पाहिलं, बाहेर कुणी नाही ना याची खात्री केली.

"येवढी मोठी ओळ म्हणली तू, आन् मधात कुठंच श्वास घेतला नाई."

प्रणालीला ठाऊक होतं. स्टुडिओत श्वास कापून काढतात. गाणं स्वच्छ ऐकू येतं त्यानं.

"मले भेव वाटलं," आई म्हणाली. "तू दोन वर्साची होती तवा तुले डांग्या खोकला झाला होता. रात-रात तुझ्या छातीवर कान ठेवून बसलो होतो मी आन् तुझा बाप. गाण्यातलं मले काय समजते? लोकं म्हणत सूर चांगला हाय, मी म्हणो असन. मी आपली पाहो का पोरगी मधात दम घेते का नाई. घेतला का मले बरं वाटे. मंग मी म्हणो, अजून एकडाव म्हण."

"आई..."

"गळा बसला का तुहा?"

"नाही बसला. गेला."

सुभद्राबाईनं तिच्या गळ्याकडे पाहिलं. हार जरा खाली सरकला होता आणि त्याच्या वर ऑपरेशनची रेघ दिसत होती. आईनं हार दोन बोटांनी उचलून परत जागेवर बसवला.

"सांगाचं तं होतं व."

दार ढकलून कुंदन आत आला. त्याच्या तोंडावर आनंद आणि वैताग दोन्ही एकदमच होते.

"मावशी, घोळ केलात तुम्ही! केवढ्या मुश्किलीनं आला होता वन्स मोअर." मग प्रणालीकडे वळून म्हणाला, "काळजी नको. दुसऱ्या अंकात परत येईल. बाल्कनीत माझा माणूस बसवलाय मी. तोच सुरुवात करतो, मग लोक करतातच. या वेळी घ्यायचा हं, पेटीवर. मला ऐकायचंय."

तो गेला. रईसाचाचीनं दारातून आवाज दिला, "सुभद्रा, चल ना, चहा ठंडा होऊन राहिला." आई निघाली. उंबऱ्यापाशी ती वळली आणि मान हलवून गेली. हो की नाही, ते त्या हलण्यावरून कळत नव्हतं.

दुसऱ्या अंकाच्या घंटेला प्रणाली विंगेत आली तेव्हा पुंजाजी पेटीवर पान ठेवून सुपारी कातरत होते.

"काका, दुसरं गाणं सुरुवातीपासूनच पेटीवर घेऊ."

"वन्स मोअर आल्यावर ना?"

"नाही. आधीच."

पुंजाजींनी सुपारी खिशात टाकली.

"काळी चार?"

"काळी दोन."

"ते तं पुरुषाची पट्टी हाय, बाई."

"असू द्या."

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. पन्नास वर्षं गाणाऱ्यांच्या गळ्याशेजारी बसलेला माणूस. त्याला पुढचा प्रश्न विचारायची गरज नव्हती. त्यानं पानाची घडी करून बाजूला ठेवली आणि बोटं काळी दोनवर नेली.

नईमनं टेबलामागून हात वर करून विचारलं, काय करू? प्रणालीनं तळहात खाली दाबला. तो तसाच बघत राहिला. तिनं परत दाबला. मग त्यानं जुना गळा तळाशी नेला, आणि तिचा माईक वर.

गाणं आलं. रेकॉर्डचं संगीत न येता नुसती पेटी वाजली तशी सभागृहात जरा कुजबूज झाली. समोरच्या विंगेत कुंदन पुढे आला. प्रणालीनं सुरुवात केली आणि जो आवाज आला तो तिलाच परका वाटला. जाड, थोडा खरखरीत, खाली जमिनीजवळ चालणारा. पहिल्या ओळीत तो दोनदा घसरला. दुसरीत एकदा. बाल्कनीतून कुणीतरी खाकरलं.

मग ती लांब ओळ आली. 'उजेड उंबऱ्याशी थांबला गं, आत कसा येऊ विचारतो.' ही ओळ ती मागचे दोन्ही प्रयोग एका दमात म्हणत आली होती. निदान ती फाईल म्हणत आली होती. 'थांबला'पर्यंत ती पोचली आणि छातीत काही उरलं नाही.

ती थांबली. तोंड उघडून तिनं श्वास घेतला. माईक वर होता, त्यामुळे तो नळात हवा शिरावी तसा सगळ्या सभागृहात ऐकू गेला, पार शेवटच्या रांगेपर्यंत. गाणं संपलं समजून एकानं दोन टाळ्या वाजवल्या आणि ओशाळून हात आवरले. कुंदनचे हात छातीशी बांधलेले होते. पुंजाजींनी बोट उचललं नाही. एकच सूर धरून भाता सावकाश हलवत ते तिच्याकडे बघत राहिले.

अर्धी ओळ उरली होती. प्रणालीनं आणखी एक श्वास घेतला, यावेळी सावकाश, आणि उरलेली ओळ म्हणायला लागली.