उसवलेली काजं

धाकटीची काजं मी उसवली. एक-दोन नाही, छत्तीसच्या छत्तीस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझी बाजू ऐकताना कुणी फसायला नको. बाजू मांडण्यात मी भारी हुशार आहे.

आमचं कोट शिवायचं दुकान. वडील गेल्यावर ते आम्हा दोघी बहिणींचं झालं. बेतणं, मशीन, इस्त्री माझ्याकडे, हातशिलाई धाकटीकडे. काजं तर तिचीच. कोटाचं काज म्हणजे नुसतं बटणाचं भोक नव्हे. आधी कापड कापायचं, मग त्या कापलेल्या कडेवर रेशमाचा टाका टाक्याला चिकटवत न्यायचा. एका काजाला अर्धा तास जातो. धाकटी डावखुरी, त्यामुळे तिचा टाका किंचित उलट्या अंगाला कलतो. गिऱ्हाइकाला ते कधी कळत नाही. आम्हाला लांबून कळतं.

वडिलांचा एक नियम होता. ज्याचा टाका, त्यानंच उसवायचा. कुणाचं काम चुकलं तर त्यावर खडूची फुली मारायची आणि मुकाट त्याच्या टेबलावर ठेवायचं. बोलायचं नाही, आणि दुसऱ्याच्या कामाला सुई तर लावायचीच नाही. मी दोन लेकरांची आई झाले तरी ते माझ्या कामावर फुल्या मारत होते.

चार वर्षांपूर्वी धाकटीचं अंग दुखायला लागलं. आधी मान, मग खांदे, मग कंबर, मग दुखत नाही असं काही उरलंच नाही. रात्रभर झोपून सकाळी उठायची ती पोती वाहून आल्यासारखी. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं नॉर्मल. मी म्हटलं, "रिपोर्ट चांगले आलेत, आता तोंडही चांगलं कर." हसत म्हटलं होतं, पण म्हटलं होतं. गळ्यात टेप घातली की मान दुखते म्हणाली, तेव्हा म्हटलं, टेप आहे बाई, बैलाचं जू नाही. काम मागे पडलं की नाचता येईना अंगण वाकडं. तीन वर्षं माझी टकळी अशी चालू होती. वर फुल्या. त्या तीन वर्षांत मी मारल्या तेवढ्या फुल्या वडिलांनी जन्मात मारल्या नसतील. ती काही न बोलता उसवायची आणि पुन्हा करायची.

मग एका डॉक्टरीणबाईंनी तिचं तासभर ऐकून घेतलं, अंगावर ठिकठिकाणी दाबून पाहिलं आणि दुखण्याला नाव दिलं. फायब्रोमायल्जिया. मी सोबत होते.

"सांधे, हाडं ठीक आहेत," बाई म्हणाल्या, "पण दुखणं शंभर टक्के खरं आहे. ते साफ जाईल असं मी म्हणणार नाही. बेतानं राहिलात तर जगणं सुसह्य होईल."

बाहेर आल्यावर धाकटी बाकावर बसून रडायला लागली. मला वाटलं, घाबरली. तर म्हणते कशी, "त्याला नाव आहे गं, ताई." मला तिच्याकडे बघवेना.

त्यानंतर तिनं सगळं आयुष्य नव्यानं बेतलं. दहा ते दोन काम. पंचवीस मिनिटं सुई, मग पाच मिनिटं उठून फिरायचं. त्यासाठी स्वयंपाकघरातला टायमर टेबलावर आणून ठेवला. ज्या दिवशी केस धुवायचे त्या दिवशी काज नाही, कारण केस धुताना हात वर धरले की खांदे दिवसभर बोंबलतात. जड पातेली मला दिली, स्वतःला हलकी घेतली. बाजार दोन खेपांत. मधेच एखादा शब्दच आठवायचा नाही. कात्रीला "ते कापायचं दे" म्हणायची आणि स्वतःच हसायची. सगळ्यात कडक नियम म्हणजे, एखादा दिवस बरा उजाडला म्हणून जास्तीचं काम उरकायचं नाही. "बऱ्या दिवशी हावरटपणा केला की पुढचे तीन दिवस अंथरूण धरावं लागतं," असं तिचं म्हणणं.

मीही बदलले. आवाज खाली आणला, तिच्या पाठीला उशी आणली, इस्त्री तिच्यापासून लांब नेली. आमचे हे म्हणाले, "तुझीच तब्येत बरी आहे ना? दोन दिवसांत कुणाला बोलली नाहीस."

अशात एका वाद्यवृंदाच्या बारा कोटांचं काम आलं. प्रत्येकाला तीन काजं. धाकटी म्हणाली, "सगळी मी करणार. आठवड्याला दोन कोट." मी म्हटलं, कशाला अंगावर घेतेस, निम्मी मी करते. तेव्हा तिनं खरं काय ते सांगितलं. शिवणशाळेच्या बाईंनी तिला विचारलं होतं, आठवड्यातून तीन दिवस मुलींना हातशिलाई शिकवशील का म्हणून. शिकवायची तिला पहिल्यापासून हौस. लहानपणी ती बाहुल्यांना रांगेत बसवून सुईत दोरा ओवायला शिकवायची, आणि मी त्यातली एखादी पळवायची.

"पण हो म्हटलं आणि मधेच हात गळाले तर?" ती म्हणाली. "मुलींसमोर फजिती नको. आधी हे बारा कोट करून बघते. एकही फुली न येता पार पडले तर हो म्हणून टाकते. तू फुली मारताना कुणाचं तोंड बघत नाहीस, म्हणून तर तुझ्यावर सोडतेय."

पहिला कोट झाला. ती दोन वाजता घरी गेल्यावर मी तो उजेडात धरला. तीनपैकी दोन काजं वाकडी होती. फार नाही, पण वडिलांच्या नजरेतून सुटली नसती. मी खडू उचलला आणि हात थांबला. मागच्या तीन वर्षांच्या फुल्या आठवल्या, बाकावर रडणारी धाकटी आठवली. म्हटलं, आता हिच्या कामावर फुली मारायची म्हणजे कसायालाच जन्म दिला आईनं. खडू ठेवला, ब्लेड घेतलं, तिन्ही काजं उसवली आणि माझ्या हातानं पुन्हा केली. मग इस्त्री करून कोट कव्हरमध्ये घातला आणि वर टांगला.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या तिनं विचारलं, "फुली?"

"नाही," मी म्हटलं.

तिचा चेहरा असा खुलला की मी केलं ते बरंच केलं असं मला वाटलं.

दुसऱ्या कोटाला तेच केलं. तिसऱ्यापासून तर पाहणंच सोडलं. ती गेली की दार लोटून घ्यायचं, कोट घ्यायचा, टाके कापायचे. दुखऱ्या हातानं असं कितीसं नीट होणार, हे मी धरूनच चालले होते. कबूलच करायचं तर मला त्यात बरं वाटायचं. आठवड्यातल्या दोन दुपारी दीड-दोन तास मान मोडून बसायचं, पाठ आखडायची, आणि वाटायचं, फिटतंय हो आपलं पाप. दुसऱ्या सकाळी ती विचारायची, "फुली?" आणि मी नाही म्हणायची. सहा आठवड्यांत बारा कोट झाले. शेवटच्या दिवशी ती गाणं गुणगुणत घरी गेली. शनिवारी शाळेच्या बाईंना फोन करून हो सांगायचं तिनं ठरवलं होतं.

त्याआधी गुरुवारीच वाद्यवृंदातला व्हायोलिनवाला आला; कोट नेऊन दोनच दिवस झाले होते. हसरा माणूस. म्हणाला, "बाई, वाजवता वाजवता कोटच उघडला. लोकांना वाटलं, मी रंगात आलोय."

मधलं काज उसकटलं होतं. ते होणारच होतं. एकदा कापलेल्या कडेतून टाके काढून दुसऱ्यांदा सुई घातली की कड भुसभुशीत होते आणि टाका धरत नाही. पोटासाठी तीस वर्षं हेच करत आलेय मी, मला हे कळत नव्हतं थोडंच? पण करायला गेले एक आणि झालं भलतंच.

मी हात पुढे करायच्या आत धाकटीनं कोट घेतला. खिडकीशी नेला, काजावरून अंगठा फिरवला. मग वरचं काज पाहिलं, खालचं पाहिलं.

"हा टाका माझा नाही," ती म्हणाली.

व्हायोलिनवाल्यानं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि उद्या येतो म्हणून निघून गेला.

"एवढाच कोट?" तिनं विचारलं.

"सगळे."

ती खुर्चीत बसली. टायमर वाजला. ती उठली नाही, मीच तो बंद केला.

"तुला त्रास नको म्हणून केलं गं," मी म्हटलं. "फुली मारवेना मला."

"मी तुला फुलीच मागितली होती, ताई." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं झालं असतं, भांडायला मला येतं. "मी उसवलं असतं. आजवर उसवलंच की."

मग तिनं विचारलं, "किती वाईट होती?"

"चांगली होती," मी म्हटलं.

"पाहिली होतीस?"

एवढं आयुष्य फाडफाड खरं बोलण्यात गेलं, आणि नेमकं तेव्हा एक खोटं बोलायला हवं होतं तर ते जिभेवर येईना. "पहिल्या कोटाची दोन वाकडी होती," मी म्हटलं. "दुसऱ्याची आठवत नाहीत. पुढची मी पाहिलीच नाहीत."

"दहा कोट पाहिलेच नाहीस."

"नाही."

"म्हणजे मला जमत होतं की नव्हतं, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही."

आधी तिचं दुखणं मी पाहिलं नाही, आणि दुखणं पटल्यावर तिचं काम पाहिलं नाही. अगदी मूर्खासारखं म्हटलं, "आत्ता एक करून दाखव ना, लगेच कळेल." ती स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. म्हणाली, "आज धड मूठ वळत नाहीये. आजच्या हातावरून तेव्हाचं काय कळणार?"

शनिवारची वाट न बघता तिनं तिथूनच शाळेच्या बाईंना फोन लावला. नमस्कार, कशा आहात, मुली किती आहेत, सगळं नीट बोलली. मग म्हणाली, "नाही, नाही जमायचं मला." पलीकडून बहुधा का म्हणून विचारलं असावं. "करून पाहिलं," धाकटी म्हणाली, "पण नक्की काही कळलं नाही." मी फोन ओढून घेऊन सांगायला हवं होतं की सगळी चूक माझी आहे, हिला घ्या. नाही घेतला. शाळेला दुसरी बाई मिळालीसुद्धा.

दुकान सोडून जाईल असं वाटलं होतं, तशी ती गेली नाही. अजूनही दहाला येते, दोनला जाते. माझ्याशी बोलते, चहा झाला का विचारते, कात्रीला "ते कापायचं" म्हणते. फक्त काज झालं की आता कोट टेबलावर ठेवून जात नाही. तो घेऊन माझ्यासमोर येते, दोन्ही हातांनी धरते आणि मी एकेक टाका पाहून होईपर्यंत तशीच उभी राहते. फार वेळ उभं राहणं तिला सोसत नाही. पाय थरथरायला लागतात, ते मला दिसतं. मी म्हणते, बस गं, मी पाहते, हात नाही लावत. ती बसत नाही.