उतरायची शिकवणी

आमच्या राजेंना उडता येत होतं, उतरता येत नव्हतं. राजे म्हणजे बाबांचा मकाव पोपट. शेपटीसकट माझ्या हाताएवढा लांब, आणि घरात माझ्यापेक्षा जास्त मान असलेला. दुकानदाराने पंख कापूनच दिला होता. नवे पंख आले तेव्हा त्याला शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बाबांच्या मते मला दुसरं कामच नव्हतं. स्वयंपाक, धुणी आणि त्यांची औषधं या घरात आपोआप होतात.

हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत उडायला तो पटकन शिकला. हाक मारली की यायचा, अक्रोडाचा तुकडा घ्यायचा. उंचावरून खाली यायचं म्हटलं की मात्र गडी गळाठायचा. म्हणून त्याला जिन्यावर नेलं. तो वरच्या पायरीवर, मी खालच्या. जमलं की मी आणखी एक पायरी खाली. शेजारीण म्हणाली, "अगं, पोटच्या लेकरालाही कुणी एवढं शिकवत नाही."

मग धाकटा भाऊ सुट्टीवर आला. इतके दिवस फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होता, आता समोर उभा राहिला.

"ताई, अजून जिन्यावरच? चल, गच्चीवर नेऊ. मस्त व्हिडिओ होईल."

"त्याला अजून नीट उतरता येत नाही."

"पक्षी आहे तो! त्याला काय शिकवायचंय?"

"हिचं सगळंच रडतखडत," बाबा म्हणाले. "ने रे तू."

मी भाजी घेऊन परत आले तेव्हा राजे समोरच्या ऑफिसच्या इमारतीला लागून असलेल्या मोबाइलच्या टॉवरवर बसून केकाटत होते. भाऊ खालून अक्रोडाची अख्खी पिशवी हलवत होता. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. संतापाने मी भाजीची पिशवी तिथेच टाकली.

खालून बोलावून तो येणार नव्हता. वॉचमनच्या हातापाया पडून मी इमारतीत शिरले आणि धापा टाकत जिना चढले. तो बसला होता त्याहून जराशी खालची खिडकी गाठली. तेवढं उतरणं त्याला येत होतं. हाक मारली. त्याने मान वाकडी करून पाहिलं, दोनदा डुलला, आणि आला तो थेट माझ्या हातावर. त्याला छातीशी धरून मी तिथेच रडले.

घरी बाबांनी भावाच्या पाठीवर थाप मारली. "काही म्हणा, पठ्ठ्याने उडवून दाखवला! ही जन्मभर पायऱ्याच उतरत बसली असती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता काप त्याचे पंख. पुन्हा हा ताप नको."

"बाबा, अजून थोडे दिवस द्या, तो..."

"काप, नाहीतर दुकानदाराला फोन लावतो. येऊन घेऊन जाईल."

भाऊ व्हिडिओ बघण्यात गुंग होता. मान वर न करता म्हणाला, "काप ना, ताई. तुझ्याशिवाय कुणाला हात लावू देतो तो?"

ते मात्र खरं होतं. मी कात्री आणली. "पंख," म्हटलं, तसा राजेंनी आपणहून पंख पसरून धरला. तेही मीच शिकवलेलं. मी कापत गेले, तो शांत उभा राहिला. झाल्यावर सवयीने मी अक्रोडाचा तुकडा पुढे केला, आणि त्याने तो घेतला.