आप्पांची मेणाची डबी

या, असे पुढे सरका. पखवाजाला कणीक लागेपर्यंत रनाळ्याच्या एका माळकऱ्याची गोष्ट सांगतो.

डबी उघडली आणि गिरधर आप्पांच्या नाकाला वेगळाच वास लागला.

"हेमकांतभाऊ, हाई आपलं मेण नही शे ना?"

"नवं मलम शे, आप्पा. लाव पटकन, पाव्हना खोटी व्हई ऱ्हायनात."

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला आलेले पाहुणे मळ्यात खाटांवर बसले होते. त्यांना हेमकांतच्या पणजोबांचं ठासणीचं रिव्हॉल्व्हर पाहायचं होतं. तळहातात मावेल एवढंसं, परवान्याचं. आप्पा या घरी सालदार म्हणून आले तेव्हापासून ते भरायचं काम त्यांचंच. चाकाच्या सहा घरांत दारू ओतायची, शिशाची गोळी दाबायची आणि ठिणगी शेजारच्या घरात उडू नये म्हणून तोंडं लिंपायची. एरवी त्याला जनावराची चरबी लावतात; पण आप्पा माळकरी, म्हणून थोरल्या मालकांनी, हेमकांतच्या वडिलांनी, नवनीतदादांनी, मधमाश्यांचं मेण तिळाच्या तेलात कढवून ही डबी मुद्दाम करवली होती. चाकाची टिकटिक आप्पांना टाळासारखी गोड वाटायची.

बोटाने सहाही घरं लिंपून झाली. हेमकांतने मडक्यांवर बार काढले. सडक्या अंड्यासारखा धूर पसरला, टाळ्या पडल्या. मग तो पाहुण्यांकडे वळला.

"देखा आमना माळकरी! डुकरनी चरबीमा बोटं बुडाई बसना!"

पाहुणे खदखदले. एकाने मोबाइल थेट आप्पांच्या बोटांवर धरला.

"भाऊ, काबरं करं असं? दादानी डबी होती ती."

"गंमत करी रे! तुन्हा इठोबा काय बाटी जाई का?"

एरवी बार झाल्यावर ते गरम पाण्याने नळी धुवायचे. आज हात अंगापासून लांब धरून तसेच घरी निघाले. बायकोने, छबूबाईने, राख दिली, साबण दिला, लिंबू पिळलं. सालपटं निघेपर्यंत त्यांनी बोटं घासली.

संध्याकाळी सप्ताहात वीणेचा पहारा त्यांचा होता. वर्षभर वाट पाहिलेला. आप्पा देवळाच्या पायरीवरच थबकले आणि सप्ताह चालवणाऱ्या दोधूबुवांना सगळं सांगून टाकलं.

"बुवा, वीणा दुसराले द्या."

म्हाताऱ्या बुवांनी त्यांचा हात ओढून नाकाशी नेला. "साबनना वास येस रे, येड्या."

"माले त्या चरबीनाच येस ना, बुवा. तोच, आनि कानमा त्यासनं हसनं."

बुवांनी वीणा आपल्याच गळ्यात घातली. त्या वयातही आप्पांचा सगळा पहारा त्यांनी स्वतः उभ्याने दिला. आप्पा शेजारी उभे राहून गायले, हात पाठीशी बांधून.

हेमकांतने दोनदा माणूस धाडला. आप्पा गेले नाहीत. ते रिव्हॉल्व्हर काचेच्या कपाटात आहे अजून, गंजून चाक अडकलेलं. पाहुणे त्याचेही फोटो काढतात. अशा करमणुकीची मला शिसारी येते.

कणीक लागली वाटतं. नामाचा गजर कराल तेव्हा मागच्या ओळीत पाहा. हात पाठीशी बांधून कुणी गात असेल, तर आमच्या गिरधर आप्पांची आठवण काढा.