कुठलं विलनव?

रविवारपर्यंत ठिकाण ठरलं नाही तर सामान उचलायचं आणि सरळ रुआँला घरी परतायचं, असं रेजीसनं जाहीर करून टाकलं होतं, आणि आज शुक्रवार होता. आविन्योंच्या हॉटेलातल्या पलंगावर जिस्लेन नकाशे पसरून बसली होती. जितकं जास्त बघत होती तितका तिचा गोंधळ वाढत होता.

तिची मागणी काही फार मोठी नव्हती. एक वर्ष दक्षिणेत कुठंतरी बिऱ्हाड करायचं आणि तिथून बसनं, रेल्वेनं सगळा मुलूख हिंडून बघायचा. तीस उन्हाळे त्या दोघांनी हा मुलूख गाडीतून पाहिला होता, म्हणजे पाहिलाच नव्हता. दर ऑगस्टला रुआँहून निघायचं ते आर्जेलेसच्या समुद्रकाठी तंबू ठोकेपर्यंत रेजीसचा पाय ॲक्सिलरेटरवरून हलायचा नाही. हायवेच्या कडेला तपकिरी पाट्या यायच्या. पाटीवर कधी रोमन नाट्यगृह, कधी तटबंदी, कधी एखादा पूल. जिस्लेन म्हणायची, "इथं उतरू या का रे थोडं?" रेजीस म्हणायचा, "येताना." येताना विचारलं की म्हणायचा, "पुढच्या वर्षी." पोरगी मागच्या सीटवर वाढली, शिकली, लग्न करून गेली, पण त्या पाट्यांमागची गावं काही कुणी पाहिली नाहीत.

मग एके दिवशी सरकारनं रेजीसच्या लायसन्सवरचे सगळे गुण कापून संपवले आणि लायसन्सच रद्द केलं. वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांनी त्याचे जितके फोटो काढले होते, तितके त्याच्या लग्नातही निघाले नसतील. परीक्षा पुन्हा देता आली असती, पण या वयात पोरासोरांच्या शेजारी बसून परीक्षा द्यायला तो तयार नव्हता. गाडी विकली. जिस्लेन वरून हळहळली आणि आतून तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

पण ठिकाण ठरेल तर शपथ. नीम पाहिलं. शहर देखणं, बस चारी दिशांना. रेजीस म्हणाला, फार उकडतं. माँपेलिए पाहिलं, तिथं तर ट्रामसुद्धा. रेजीस म्हणाला, जिकडं तिकडं कॉलेजची पोरं, त्यात आपण म्हातारे काय शोभणार. आविन्योंला आले तर म्हणाला, वारा. वारा होता हे खरं. मिस्त्राल नावाचा तो वारा सुटला की टोपी डोक्यावर ठेवायची की हातात, एवढाच प्रश्न उरतो. पण या तिन्ही शहरांत आणखी एक गंमत झाली होती. तिन्ही शहरांना दोन-दोन स्टेशनं, एक गावात आणि एक वेगवान गाड्यांचं पार गावाबाहेर. तिन्ही ठिकाणी रेजीस भलत्याच स्टेशनाकडे तरातरा निघाला होता आणि तिन्ही वेळा चूक रेल्वेची होती.

सल्ले देणाऱ्यांना तर ऊत आला होता. हॉटेलवाली म्हणाली, आर्लला जा. कोपऱ्यावरचा पेपरवाला म्हणाला, आर्लला डास फाडून खातात. बेझिएहून आलेली एक विणकाम करणारी बाई आगगाडीत भेटली होती, ती म्हणाली, "अहो, शहरात कशाला मरता? माझ्या मावसबहिणीचा वरचा मजला रिकामा आहे विलनवला. शहर बसनं हाकेच्या अंतरावर, आणि गाव कसं निवांत!" तिनं बहिणीचा नंबरही दिला.

विलनव म्हणजे सरळ सरळ नवेगाव, आणि नवेगाव कुठल्या मुलखात एकच असतं? पण आविन्योंमध्ये विलनव म्हटलं की नदीपलीकडचं विलनव, दुसरं कुणाच्या डोक्यातही येत नाही. जिस्लेनच्या फोननंही तेच पुढं केलं. बहीण, म्हणजे मादाम रुकेत, फोनवर म्हणाली, "शनिवारी सकाळी अकराला चर्चसमोर या, मी घ्यायला येते. घर कालव्याला लागूनच आहे." सगळं इतकं सोपं झालं की जिस्लेनला जरा शंकाच यायला हवी होती.

बस निघाली, मोठ्या पुलावर चढली. नदीत मध्येच तुटलेला तो जुना पूल दिसला, तपकिरी पाटीवरचा, चार कमानी उरलेला. पाण्याच्या मध्यावर येऊन तो थांबतो आणि पुढं नुसतं आभाळ. जिस्लेनच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "इथं उतरू या का रे थोडं?"

"येताना," रेजीस म्हणाला.

चर्चसमोरच्या चौकात बाजार भरला होता. मादाम रुकेत कुठंच दिसेना. जिस्लेननं फोन लावला.

"आम्ही आलोय. चर्चच्या दारात आहोत."

"मीही चर्चच्या दारातच आहे, बाई! हात वर करा बघू."

जिस्लेननं हात वर केला. समोरच्या ऑलिव्हवाल्यानं उलट हात हलवला.

"दिसला का?"

"छे! बरं, मी निळ्या कोटात आहे, जवळ पांढरं कुत्रं आहे. ते बघा, भुंकतंय."

फोनमध्ये कुत्रं जिवाच्या आकांतानं भुंकत होतं. चौकात मात्र औषधालाही कुत्रं नव्हतं.

"मागच्या दाराशी असेल ती," जिस्लेन म्हणाली.

रेजीस वैतागला. "या बाईला पुढचं दार कुठलं, मागचं कुठलं, तेच कळत नाहीये. तू बस इथं. मी कालवा शोधतो. कालवा सापडला की घर सापडलं." त्यानं ऑलिव्हवाल्याला विचारलं, "काय हो, कालवा कुठल्या बाजूला?"

"कालवा?" ऑलिव्हवाला विचारात पडला. "कालवा नाही बुवा. नदी आहे की एवढी मोठी, तिच्यावर भागणार नाही का तुमचं?"

"याला काही माहीत नाही," असं पुटपुटत रेजीस एका गल्लीत शिरला.

जिस्लेन पायरीवर बसली. डोकं भणभणत होतं. फोनमध्ये जी बाई उभी आहे ती इथं नाही, जो कालवा आहे तो इथं नाही, आणि रविवार मात्र अगदी जवळ आलाय. आपलंच काहीतरी चुकतंय असं तिला वाटायला लागलं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या शेजारी बसून प्रवास केलेल्या बाईनं हे असलं धाडस करायलाच नको होतं.

एवढ्यात चौकाच्या पलीकडच्या टोकाला रेजीस दिसला. छाती पुढं काढून, कामाला निघालेल्या माणसासारखा तो डावीकडच्या गल्लीतून आला आणि उजवीकडच्या गल्लीत गेला. तिच्याकडं त्यानं पाहिलंही नाही. थोड्या वेळानं तो पुन्हा डावीकडूनच आला, पुन्हा उजवीकडं गेला. जिस्लेनला कळेना, हा नेमकं करतोय काय? तिसऱ्यांदा आला तेव्हा छाती पुढं नव्हती. कारंज्यापाशी तो थांबला, घाम पुसला, आणि एखादं ओळखीचं माणूस भेटावं तसा तिच्याकडं बघत राहिला.

"तू इथं कशी आलीस?" त्यानं विचारलं.

"मी हललेच नाही रे. तू मला बसवून गेलास ना इथं."

रेजीसनं चर्चकडं पाहिलं, ऑलिव्हवाल्याकडं पाहिलं. मग हळूच तिच्या शेजारी पायरीवर बसला. शर्टाचं वरचं बटण सोडायला लागला. जिस्लेन घाबरलीच.

"काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"काही दुखत नाही. मला गावातून बाहेर पडता येत नाही, जिस्लेन."

"म्हणजे?"

"म्हणजे दोन वळणं घेतली की मला कळत नाही आलो कुठून. लहानपणापासून. हायवे असला की कसं बरं असतं, सरळ जायचं. गावात शिरलो असतो तर परत हायवेवर कसा आणला असता तुम्हाला? पोरगी मागं बसलेली, तू शेजारी."

"मग सांगायचं तरी! मी नकाशा बघितला असता."

"एकदा शिरलो होतो ना ओरांजला, पहिल्याच वर्षी."

जिस्लेनला आठवलं. नको इतकं आठवलं. ओरांजच्या एकाच चौकाला त्यांनी दुपारभर फेऱ्या मारल्या होत्या आणि हसून हसून तिची मुरकुंडी वळली होती. नंतर दर नाताळाला, सगळे जेवायला बसले की ती ती गोष्ट रंगवून सांगायची, हातात ताटली स्टिअरिंगसारखी धरून. सगळे हसायचे. रेजीसही हसायचा आणि वाइन ओतायला उठायचा. तीस वर्षं ती समजत होती की या माणसाला कशाचीच हौस नाही. तिला एकदम रडू आलं आणि स्वतःचा रागही आला.

तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, हरवलात की काय?" मादाम रुकेत ओरडत होती. "कुत्रं कंटाळलं माझं!"

"ऐकू येत नाही हो, वारा फार आहे," जिस्लेन डोळे पुसत म्हणाली. तिचा रुमाल वाऱ्यानं उडून एव्हाना ऑलिव्हच्या टोपलीत जाऊन पडला होता.

"वारा? इथं पान हलत नाहीये. बाई, तुम्ही आहात तरी कुठल्या विलनवला?"

"कुठल्या म्हणजे? आविन्योंजवळच्या."

"अगं आई गं! मी बेझिएजवळच्या!" आणि मादाम रुकेत अशी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. "बहिणीला म्हणावं, विलनव म्हणजे काय जगात एकच आहे होय!"

रेजीस हसला नाही. त्याचं तोंड आणखीच उतरलं. "झालं. जाऊ या घरी. रविवारची तरी वाट कशाला बघायची."

जिस्लेन बोटांवर मोजत होती. नीम, माँपेलिए, आविन्यों. उकाडा, पोरं, वारा. आत्ता कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडत होता. तिनं फोन पुन्हा कानाला लावला.

"मादाम रुकेत, एक विचारू? बेझिएला स्टेशनं किती?"

"किती म्हणजे? एक! कितीशी हवीत तुम्हाला?"

"आणि तो कालवा गावाजवळ कुठं वळतो, फाटे फुटतात?"

"कालव्याला कसले फाटे, बाई? पाणी जाताना उजव्या हाताला ठेवा, येताना डाव्या. माझं कुत्रंसुद्धा एकटं जाऊन येतं."

"मग आम्ही उद्या येतो," जिस्लेन म्हणाली. "वर्षभरासाठी."

रेजीसनं मान वर केली. "कुत्र्याचं काय म्हणाली ती?"

"काही नाही. पांढरं आहे म्हणाली."

परतीची बस रस्त्याच्या कुठल्या बाजूला येते ते जिस्लेननं विचारून घेतलं. रेजीस मुकाट्यानं तिच्या मागून चालला, मुकाट्यानं चढला, खिडकीशी बसला. पूल जवळ येऊ लागला. आणि तिला काही कळायच्या आत त्यानं हात लांब करून खांबावरचं लाल बटण दाबलं.

"अरे, आपला थांबा अजून आला नाही."

"माहीत आहे." तो तुटक्या पुलाकडं बघत होता. "येताना थांबू म्हणालो होतो ना? येतोच आहोत आपण." बस थांबली, दार उघडलं. रेजीस उठला आणि त्यानं तिच्यापुढं हात धरला. "चल उतर. परत कसं जायचं ते तू बघ."